दोन इंच आणि अकरा मीटर

कॉलेजात प्रत्येक खात्याकडं काही ना काही साठत असतं. लायब्ररीत पुस्तकं साठतात, ऑफिसात फायली साठतात, केमिस्ट्रीवाल्यांकडं रिकाम्या बाटल्या साठतात. आमच्या जिमखान्यात किस्से साठतात. कारण बाकीच्या वस्तू कुणीतरी "दोन दिवसांत आणून देतो" म्हणून नेतं आणि त्या परत येत नाहीत. किस्से मात्र कितीही जणांनी नेले तरी आमच्याकडं राहतातच, उलट फिरून येताना थोडे वाढून येतात.

मी इथली फिजिकल डायरेक्टर. मूळची पैठणची. पोरं मला 'पी.टी. मॅडम' म्हणतात. कॉलेज निजामाच्या काळातलं, शंभरी कधीच ओलांडलेलं. दगडी इमारत, दगडी व्यायामशाळा, मागं पोहायची विहीर, जिच्यात आता फक्त कबुतरं उतरतात, आणि समोर ऐसपैस मैदान. मला एक खोड आहे. एखादी वस्तू दिसली की ती तिथं का आहे हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. आई म्हणायची, ही पोरगी लग्नात नवरदेवालासुद्धा विचारील, तुम्ही इकडं कसे काय!

तर अशी मी, आणि असं हे कॉलेज. किस्से न घडले तरच नवल.

*

रुजू झाल्यावर पहिलं काम म्हणजे चार्ज घेणं. डेडस्टॉक रजिस्टर उघडायचं, एकेक वस्तू बघायची आणि समोर टिक करायची. वस्तू दाखवायला रशीदचाचा. चाचा म्हणजे आमचे ग्राउंडमन. एकतीस वर्षं याच मैदानावर लाइनी मारतायत. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, आणि हातांच्या भेगांत कायमची बसलेली फक्की. लाइनी आखायची ती चुन्याची पांढरी भुकटी हो.

"लाकडी घोडा, एक."

"है. एक पाय नाय, पण है."

"रोमन रिंगा, जोडी."

"जोडी में से एक है."

"कर्णा, पितळी, एक." पुढं शेरा होता: 'वापरात'.

इथं मी थांबले. कर्णा म्हणजे पूर्वीचे ड्रिल मास्तर ज्यातून ओरडून ऑर्डरी सोडायचे तो. सक्तीची कवायत बंद होऊन किती वर्षं लोटली! मग हा वापरात कसा?

"चाचा, हा कोण वापरतं?"

"मैं."

"तुम्ही? ओरडायला?"

चाचांनी लाइन मारायचं यंत्र पुढं ओढलं, त्याच्या भोकात कर्ण्याचं निमुळतं टोक खोचलं आणि वरच्या रुंद तोंडातून फक्कीचं अख्खं पोतं रिकामं केलं. एक कण बाहेर सांडला नाही.

"मॅडम, इससे अच्छा नरसाळं पूरे शहर में नहीं मिलता!"

मी टिक केली.

*

व्यायामशाळेच्या दारावर एक छोटी संगमरवरी पाटी आहे. त्यावर उर्दूत दोन ओळी. आमची कबड्डीची टीम मॅचला निघाली की प्रत्येक पोरगा उडी मारून त्या पाटीला हात लावतो आणि तो हात कपाळाला लावतो. दसऱ्याला पाटीला हार असतो. आधीचे डायरेक्टर म्हणे फायनलच्या आधी तिच्यासमोर दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहायचे.

मी पोरांना विचारलं, "काय लिहिलंय रे?"

"काहीतरी पवित्र हाय मॅडम."

दुसरा म्हणाला, "शायरी हाय, जिद्दीवर."

शेवटी चाचांना विचारलं. चाचांनी चष्मा पुसला आणि सावकाश वाचलं. "जूते पहन के अंदर आना सख्त मना है."

त्या वेळी आमच्या दोघांसकट आतल्या एकूण एक माणसाच्या पायात बूट होते.

"चाचा, एकतीस वर्षांत तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"पूछ्या कौन?"

*

आता प्रज्ञाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं.

प्रज्ञा करमाडची. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटेच्या पहिल्या एसटीनं यायची. मागच्या भरतीला गावाकडच्या रस्त्यावर सराव करून गेली होती. उंची भरली, गोळाफेक झाली, पण आठशे मीटरच्या धावण्यात मार्क गेले आणि नाव यादीत आलं नाही. या वेळी तिला दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आठशे मीटर पळायचं होतं, म्हणजे पूर्ण मार्क. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, यंदा झालं तर झालं, नाहीतर शेंद्र्याच्या कंपनीत पॅकिंगला लाग. वडील काही वाईट नव्हते. पाठच्या दोघी बहिणी शिकत होत्या आणि एकट्याच्या कमाईवर तिघींचं भागत नव्हतं, एवढंच.

पहिल्याच आठवड्यात मी तिचं टायमिंग घेत होते. दुसरा राउंड संपत आला, आणि शेवटच्या वळणावर बाई अचानक थांबली. मागं फिरली. चालत स्टार्टिंग लाइनवर गेली आणि पुन्हा पहिल्यापासून पळायला लागली!

दोन राउंड पूर्ण करून धापा टाकत आली तेव्हा मी विचारलं, "काय झालं गं मघाशी?"

"वळणावर पाय लाइनीच्या आत पडला व्हता."

"मी नव्हतं बघितलं."

"पण पडला व्हता ना मॅडम!"

चाचा बाजूला रोलरवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. त्या दिवसापासून प्रज्ञा यायच्या आत तिच्या लेनवरचे खडे वेचून ठेवण्याचं काम त्यांनी कुणी न सांगता स्वतःकडं घेतलं.

*

एके दिवशी एक आजोबा आले. ऐंशीच्या पुढचे, काठी, सोबत मुलगी. कधीकाळी इथं शिकलेले. म्हणाले, "मला तो दोर बघायचाय."

त्यांच्या वेळी पहिल्या वर्षाला फिजिकल ट्रेनिंगची परीक्षा असायची आणि छताला टांगलेला दोर चढून वरच्या हुकाला हात लावावा लागायचा. आजोबा तीन वेळा नापास झालेले. दोर आता नाही, पण हुक आहे. मी त्यांना व्यायामशाळेत नेलं.

आजोबा मान वर करून खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा हुक खाली आलाय."

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही तेव्हा लहान होता, म्हणून उंच वाटायचा."

"लहान? मी एकोणीस वर्षांचा होतो! तीन महिने मी या हुकाकडं बघण्यापलीकडं काही केलेलं नाही. मला विचार! हा खाली आलाय."

आजोबा गेले आणि माझी खोड जागी झाली. दगडी छत खाली येणार नाही, मग हुक कसा येईल? चाचांना विचारलं.

"हौ," चाचा म्हणाले. "छत नहीं, फरशी उप्पर आई. दो बार डाल्या ना! पहले शहाबादी, फिर ये टाइलां. पुरानी के उप्परच."

आम्ही दाराजवळची एक फुटकी टाइल काढून पट्टी लावली. बरोबर दोन इंच! साठ वर्षांनी आलेल्या म्हाताऱ्याला एवढ्या उंचीवर दोन इंचांचा फरक दिसला, आणि आम्ही रोज तिथं सूर्यनमस्कार घालत होतो.

*

आता गंमत बघा. त्याच व्यायामशाळेच्या भिंतीत उंची मोजायची पितळी पट्टी बसवलेली आहे, कॉलेज सुरू झालं तेव्हाची. ती सुरू होते तीन फुटांपासून, खाली नुसती भिंत. त्यामुळं फरशी वर आली तरी पट्टीत काहीच बदल दिसत नाही. बदल दिसतो तो माणसांत. आमच्या कॉलेजात प्रवेश घेतला की माणूस त्याच दिवशी दोन इंच वाढतो!

किती पोरांना आम्ही उंचीचे दाखले दिले असतील! आमचा एक जुना विद्यार्थी हवालदार आहे आणि भरतीच्या वेळी उंची मोजायला त्याची ड्युटी लागते. त्याला फोन केला. म्हटलं, "अरे, एक फार मोठी चूक झालीय. आपल्या कॉलेजच्या दाखल्यांवरची उंची..."

"दोन इंच जास्ती अस्ती. म्हाइतंय की मॅडम!"

"तुला माहीत आहे?"

"समद्यांना म्हाइतंय. आपल्या कॉलेजचा पोरगा दाखला घेऊन आला की आमचे सायेब मोजायच्या आधीच म्हणत्यात, दोन इंच वजा करा!"

*

ही बातमी जिमखान्यात पसरली तेव्हा सगळे हसले, प्रज्ञा सोडून. तिची उंची मागच्याच वेळी भरती केंद्रावर भरली होती, तिचं काही अडत नव्हतं. पण ती म्हणाली, "मॅडम, मंग गोळा बी तपासा ना. मी रोज चार किलोचा म्हणून फेकते, अन् तिथं निघायचा जड."

म्हणणं रास्त होतं. आमचा जिमखान्याचा काटा तर बंद. मी गोळा पर्समध्ये घातला, प्रज्ञाला स्कूटीवर मागं घेतलं आणि औरंगपुऱ्यात भाजीला गेले. आमच्या नेहमीच्या मावशींसमोर टोपलीत गोळा ठेवला.

"मावशी, एवढं जोखून द्या."

मावशींनी तो उचलायचा प्रयत्न केला. "अगं आई! काय हाय हे?"

"गोळा. लोखंडाचा."

"कशाला लागतो?"

"फेकायला," प्रज्ञा म्हणाली.

मावशींनी दोन-दोन किलोची दोन वजनं टाकली. काटा बरोबर मधे उभा राहिला. चार किलो, ना कमी ना जास्त. प्रज्ञाचा चेहरा खुलला. मावशी मात्र आमच्याकडं आळीपाळीनं बघत होत्या.

"का वं बाई, फेकूनच द्यायचाय तर जोखता कशाला?"

*

राहिलं मैदान.

प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनमध्ये एक जुना फोटो आहे. स्पोर्ट्स डे, कोट घातलेले पाहुणे, आणि मागं ट्रॅक. एकदा सरांची वाट बघत बसले असताना मी त्यातल्या लेन मोजल्या. आठ! आमच्या ट्रॅकवर सहा आहेत. सातवीच्या जागी कडुलिंबाचं झाड येतं आणि आठवी तर पॅव्हिलियनच्या पायऱ्यांवरून जाईल. झाड फोटोतही होतंच, पण चांगलं दूर.

मी चाचांना झाडापाशी उभं केलं. "चाचा, दोन लेन कुठं गेल्या?"

चाचांनी झाडाकडं बघितलं, लाइनीकडं बघितलं. "लाइन तो वहींच है मॅडम. झाड आगे सरक्या."

*

झाड सरकत नाही हे सांगायला आम्ही कुलकर्णी सरांना बोलावलं. सर गणिताचे, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. रोज सकाळी ट्रॅकवर मोजून दहा राउंड चालतात आणि घरी जाऊन डायरीत नोंदवतात, चार किलोमीटर. त्यांनी इंजिनिअर पुतण्याकडून स्टीलचा टेप आणला. पोरं गेल्यावर आतल्या लाइनीवरून मोजलं. चारशे भरायला हवं. भरलं चारशे अकरा! सरांचा विश्वास बसेना. तीन वेळा मोजलं. चारशे अकरा.

"चाचा, तुम्ही वळणं आखता कशानं?"

चाचांनी त्यांच्या कपाटातून कापडात गुंडाळलेली दोरी आणली. जाड, सुती, दोन्ही टोकांना गाठी. त्यांच्या आधीच्या ग्राउंडमननं, म्हणजे त्यांच्या उस्तादांनी दिलेली. वळणाच्या मध्यावर खुंटी ठोकायची, दोरीचं एक टोक तिला बांधायचं, दुसरं हातात धरून गोल फिरायचं आणि फक्की टाकत जायचं. दरवर्षी स्पोर्ट्स डेच्या आधी हेच. आणि गोल नीट यावा म्हणून दोरी जीव खाऊन ताणायची.

आम्ही दोरी मोजली. ज्या मापाची असायला हवी त्यापेक्षा पावणेदोन मीटर लांब. दरवर्षी ताणून ताणून ती वाढली होती, आणि तिच्यासोबत दरवर्षी आमचं मैदान थोडं थोडं वाढत गेलं होतं!

कुलकर्णी सर गवतावर बसून कागदावर हिशेब करायला लागले. बारा वर्षं, रोजचे दहा राउंड, प्रत्येक राउंडला एवढं जास्त. दुसऱ्या दिवशी पडेल चेहऱ्यानं आले. म्हणाले, "या बारा वर्षांत मी नकळत चार वेळा पैठणला जाऊन परत आलोय. घरी सांगितलं."

"मग काकू काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, चार वेळा पैठणला गेलात आणि एकदाही नाथांचं दर्शन घेतलं नाही?"

*

मला मात्र वेगळीच उत्सुकता लागली. जिमखान्याचे वार्षिक अहवाल काढले. प्रत्येक डायरेक्टरनं पोरांच्या टायमिंगबद्दल लिहिलंय आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: पोरं मागच्या वर्षीपेक्षा हळू पळतात. सगळ्यात जुना म्हणतो, सायकलींमुळं पाय कमजोर झाले. त्यानंतरचा म्हणतो, सिनेमामुळं. मग टीव्हीमुळं. मग केबलमुळं. एकानं तर पान-दीड पान लिहून देशाच्या भवितव्याबद्दल काळजी व्यक्त केलीय. आणि आमची हीच हळू पोरं बाहेर स्पर्धेला गेली की पहिली यायची. त्यावर खुलासा असा की, पोरं घरी आळस करतात आणि बाहेर जिद्दीनं पळतात.

शेवटचा अहवाल उघडला. 'मोबाइलच्या व्यसनामुळे विद्यार्थ्यांचा वेग चिंताजनकरीत्या घटला आहे.'

खाली सही माझी!

*

प्रिन्सिपॉल सरांना सांगणं भाग होतं. सर भले माणूस, पण त्या दिवसांत मूल्यांकनाची समिती येणार होती आणि त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मी सगळं सांगितलं. दोरी, वळण, अकरा मीटर.

"म्हणजे मुलं हळू झालेली नाहीत?"

"नाही सर. मैदान मोठं झालंय."

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता चिडणार. त्यांनी डोळे उघडले आणि पेन उचललं. "उत्तम! मग अहवालात लिहा. क्रीडांगणाचा टप्प्याटप्प्यानं विस्तार!"

*

हे सगळे हसण्याचे भाग झाले. पण मोजणी झाली त्या दिवशी चाचा हसले नव्हते. दोरी मांडीवर घेऊन ते रोलरवर बसून राहिले.

"इकतीस साल मैं गलत लाइन मार्या, मॅडम?"

मला फार वाईट वाटलं. कुलकर्णी सर म्हणाले, "चाचा, लाइन सरळच होती. दोरी वाढली, त्याला तुम्ही काय करणार?" चाचांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे.

मी म्हटलं, "उद्याच आपण ट्रॅक नीट आखू. आणि प्रज्ञाला सांगू." कारण माझ्या डोक्यात तोवर हिशेब झाला होता. आमच्याकडं आठशे मीटर म्हणजे दोन राउंड, म्हणजे बावीस मीटर जास्त, म्हणजे चारपाच सेकंद. प्रज्ञाचं टायमिंग दोन चोपन्नवर अडलं होतं. याचा अर्थ ती पन्नासच्या आत कधीच आली होती! बिचारीला माहीत नव्हतं.

चाचांनी मान वर केली. "नक्को."

"का?"

"भरती को नौ दिन है. उसका पाय इस मैदान पे बैठ्या है. बोले तो ढिली पडेगी." मग थांबून मराठीत म्हणाले, "पळू द्या तिला, मॅडम. अशीच पळू द्या."

कुलकर्णी सरांना ते पटलं नाही. खरं ते खरं, ते लपवायचं कशाला, असं म्हणून गेले. पण दोन दिवसांनी त्यांनी प्रज्ञाला बघितलं. ती दोन त्रेपन्नमध्ये आली, लाइनीपलीकडं जाऊन ओकली, चूळ भरली आणि पुन्हा स्टार्टवर जाऊन उभी राहिली. सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "गणितात उत्तर शेवटीच लिहितात."

ते नऊ दिवस मला फार जड गेले. एका सकाळी ती माझ्यासमोर रडली. "तीन सेकंद कमी व्हयनात मॅडम! पॅकिंगलाच जावं लागतंय बहुतेक." सगळं तोंडाशी आलं होतं. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "होईल गं." घरी जाऊन स्वतःलाच शिव्या घातल्या. आपण तिचं भलं करतोय की छळ करतोय, हेच मला समजत नव्हतं. चुकून तिचा धीर सुटला असता तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

*

भरतीची मैदानी चाचणी झाली. दुपारी हवालदाराचा फोन आला. "मॅडम, तुमची पोरगी दोन सेहेचाळीस! फुल मार्क!" मी ऑफिसातच उडी मारली. चाचा तर लगेच टोपी सावरत नमाजाच्या जागेकडं गेले. कुलकर्णी सरांनी पेढे आणले. ठरलं असं की ती आली की तिला सगळं सांगायचं, दोरी दाखवायची आणि मग तिच्याच हातानं नवा ट्रॅक आखायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञा आली. पेढ्याचा बॉक्स समोर होता, तिनं बघितलाही नाही. चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले. आत येऊन तिनं दार लोटून घेतलं. खोलीत मी आणि चाचा दोघंच होतो.

"मॅडम, एक सांगू? मला फुल मार्क मिळालेत. पण ते माझे नायत."

"म्हणजे?"

"तिथलं ग्राउंड कमी हाय!"

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

"दम टिकावा म्हणून मी पळताना पावलं मोजते. इथं रोज जेवढी पडतेत, त्याच्यापेक्षा तिथं पंधरा कमी पडली. मी शेवटचा जोर लावायच्या आधीच लाइन आली! बाकीच्या पोरी खुश झाल्या. कुणी बोललं नाय. मी बी नाय बोलले. रातभर झोप नाय मला. घरी आई साखर वाटायली अन् मी तोंड लपवून बसले." तिनं डोळे पुसले. "पोलिसात जायचं अन् सुरवातच अशी करायची? मला नाय जमत, मॅडम. परत पळीन मी. नाय झालं तर पॅकिंगला जाईन."

तिनं बॅगेतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. साहेबांच्या नावानं अर्ज. सुवाच्य अक्षर, खाली सही केलेली. "आत्ताच द्यायला चाललेय. फक्त शुद्धलेखन बघा."

मी चाचांकडं बघितलं. चाचा खिडकीतून मैदानाकडं बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "पढो मॅडम. मेरा चष्मा नहीं है."

मी वाचायला लागले.

'महोदय, काल झालेल्या मैदानी चाचणीत मला आठशे मीटर धावण्याचे पूर्ण गुण मिळाले आहेत. परंतु आपले मैदान अंदाजे पंधरा पावले कमी भरते, असे माझ्या लक्षात आले आहे. तरी माझी चाचणी पुन्हा घेण्यात यावी, ही नम्र विनंती. तत्पूर्वी आपले मैदान आमच्या कॉलेजचे रशीदचाचा यांच्याकडून आखून घ्यावे. त्यांची लाइन एकतीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही.'